बाइंडरांचा रस्ता

गाडी बाईंनी चालवायची आणि रस्ता बाइंडरांनी सांगायचा, अशी त्या घरातली वाटणी होती. कोणी बसून ठरवलेली नव्हती, आपसूक पडली होती. बाइंडरांचा एक डोळा लहानपणापासून अधू, त्यामुळे परवान्याचा प्रश्नच नव्हता. बाईंचा हात चाकावर छान बसलेला, पण दिशांच्या नावाने आनंदी आनंद. कोणाकडे गेल्या तर निघताना बाहेरच्या दाराऐवजी हमखास न्हाणीघराचं दार उघडायच्या. म्हणून गाडीत बसलं की बाइंडर डावीकडच्या सीटवर सरसावून बसत आणि सुरू करत, 'चौकातून डावीकडे घे. आता सरळ. हळू, पुढे खड्डा आहे.' बाई डाव्या कानाने ऐकत आणि चाक फिरवत. कोणता रस्ता कुठे जातो हे लक्षात ठेवायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही.

बाइंडर म्हणजे पुस्तकं बांधणारे. घराच्या पुढच्याच खोलीत त्यांचं काम चाले. पुस्तकं दाबायचा शिकंजा, खळीचं भांडं, पुठ्ठ्यांच्या थप्प्या आणि या सगळ्यावर खळीचा आंबूस वास. तरुणपणी बांधलेली रजिस्टरं सायकलला लावून त्यांनी शहरातल्या कचेऱ्या पालथ्या घातल्या होत्या, त्यामुळे गल्ली न् गल्ली तोंडपाठ. त्याचा त्यांना भारी अभिमान. पुस्तक छान बांधलंय असं कोणी म्हटलं तर नुसती मान हलवत, पण 'हा जवळचा रस्ता तुम्हाला बरा माहीत' असं म्हटलं की दिवसभर खूश. बाई बँकेत काउंटरवर होत्या. त्यांनी जन्मात पुस्तकाला एक टाका घातला नव्हता, तरी सगळे त्यांना बाइंडरबाईच म्हणत.

बाइंडर गेले त्याला आता एक ऋतू उलटला होता. बाई अजून रडल्या नव्हत्या. समाचाराला येणाऱ्यांना ते खटकायचं. रुमाल हातात तयार ठेवून यायचे बिचारे, आणि बाई त्यांना चहात साखर किती हे विचारायच्या. त्यात निगरगट्टपणा नव्हता. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय झोपतो ना, तसं झालं होतं. फक्त इथे अख्खी बाईच झोपली होती. सकाळी उठायच्या, पेन्शनरांच्या रांगेत उभं राहायचं असेल तर उभ्या राहायच्या, दोन पोळ्या करायच्या, त्यातली एक तशीच राहायची. आत कुठे काही टोचत नव्हतं. टोचावं असं मात्र वाटायचं.

ज्या दुपारी ते झालं त्या दुपारी बाइंडर कामाच्या खोलीतून छातीवर हात दाबून बाहेर आले आणि खुर्चीत बसले. घामाने सदरा भिजला होता. बोलता येत नव्हतं. रुग्णवाहिकेला फोन केला तर वाट पाहा म्हणाले, आणि गाडी तर दारातच उभी. बाईंनी त्यांना धरून धरून डावीकडच्या सीटवर बसवलं आणि गाडी काढली. हृदयाचं मोठं हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्याने झालेलं, तिथे त्या कधी गेल्या नव्हत्या. पण गाडीत सेट होता. लेकीने आणि जावयाने हौसेने बसवून दिलेला, रेडिओ आणि मॅप एकाच पडद्यावर, शिवाय रस्ता सांगणारा बाईचा गोड आवाज. बाईंनी हॉस्पिटलचं नाव टाकलं. बाण घराच्या आसपास थिजून राहिला आणि खाली अक्षरं आली, 'सिग्नल शोधत आहे'. ती तशीच राहिली. चुकून रेडिओचं बटण दाबलं गेलं तर नुसती खरखर.

मग व्हायचं तेच झालं. मोठ्या चौकाला बाईंनी फेऱ्या मारल्या, बसथांब्यावरच्या माणसाला विचारलं, त्याने सांगितलं त्याच्या उलट वळल्या आणि एका उड्डाणपुलावर चढल्या. तो पूल काही संपेना. वळायला जागा नाही, मागून हॉर्न. पोचल्या तेव्हा बराच उशीर झाला होता. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..." आणि पुढचं गिळून निघून गेले. डॉक्टरांनी एक तर वाक्य पुरं करावं नाही तर सुरूच करू नये. अर्धवट वाक्यं लोक आपापल्या सोयीने पुरी करतात.

हे वाक्य नणंदेने पुरं केलं. ती बाइंडरांची थोरली बहीण, भावावर जीव टाकणारी. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि आवाज खाली आणायची तसदीही घ्यायची नाही, "ज्या शहरात जन्म गेला त्या शहरात हिला हॉस्पिटल सापडलं नाही. माझा भाऊ रस्त्यावर गेला हो." बाई पलीकडच्या खोलीत कप विसळत ऐकायच्या. त्यांना राग येत नव्हता, कारण त्यांनाही तसंच वाटत होतं.

भडकली ती लेक. "सेट बंद पडला त्याला आई काय करणार?" म्हणून ती आत्याशी कडाडून भांडली आणि दोघींचं बोलणं तुटलं. हे काही साधंसुधं तुटणं नव्हतं. बाई बँकेत असताना लेकीला लहानाची मोठी केली ती याच आत्याने. तिच्या पदराखाली झोपणारी पोरगी आता तिचा फोन उचलत नव्हती. आत्याही हट्टी, मागे हटणारी नव्हे. लेक दूरच्या शहरात राहायची, तिथून रोज फोन करून आईला एकच सांगायची, "आई, सेट दाखवून घे. बिघाड आधीपासूनचा होता असं एकदा कळू दे. मग मी बघते आत्याकडे."

म्हणून त्या सकाळी बाईंनी गाडी बाहेर काढली. गाड्यांच्या वायरमनचं गॅरेज त्यांच्याच रस्त्याला नाकासमोर सरळ होतं, वळण नाही, काही नाही. तेवढं त्यांना जमलं.

गॅरेज म्हणजे पत्र्याची लांबट शेड. भिंतीला खिळ्यांवर वायरींची भेंडोळी रंगवार टांगलेली, टेबलावर वायरींना डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न, जळक्या रबराचा वास. वायरमन चाळिशीचा, पोट सुटलेला, आणि बोलका असा की गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी त्याचं तोंड उघडायचं.

"काय होतंय काकू?"

"रेडिओ खरखरतो. मॅप चालत नाही."

"दोन्ही एकदमच गेलं?"

"एकदमच."

"कधीपासून?"

"ते तुम्ही सांगायचंय."

वायरमन हसला. "म्हणजे पेशंटनेच डॉक्टरला विचारायचं, मला कधीपासून दुखतंय?"

"आमचे हे आजारी पडले, त्यांना घेऊन निघाले तेव्हा बंद होता," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज काउंटरवरून पासबुक परत देताना असायचा तसाच होता. "हे गेले. बिघाड आधीचा होता का एवढंच मला कळायला हवं. लेकीला सांगायचंय."

वायरमनचं हसू तिथेच राहिलं. त्याने खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले, ते आधीच स्वच्छ होते, आणि एक प्लास्टिकची खुर्ची ओढून बाईंना दिली. "बसा काकू. बघू आपण."

त्याने आधी बॅटरीची वायर सोडवून ठेवली. सेटला जरा झोपू द्यायचं, उठला की कधी कधी शहाण्यासारखा वागतो, असं त्याचं म्हणणं. सेट उठला, पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं, आणि पुन्हा तीच खरखर, तोच थिजलेला बाण. मग त्याने चाकाखालची फ्यूजची पेटी उघडून एकेक फ्यूज टेस्टरने तपासला. टेस्टरचा दिवा दर वेळी लागत होता. बाई बघत होत्या. दिवा लागला की त्यांना काही वाटत नव्हतं, नसता लागला तरी वाटलं नसतं.

खरखर तेवढी ऐकू येत होती. त्या दिवशीही ती अशीच चालू राहिली होती, बंद करायचं सुचलंच नव्हतं. त्या दिवसातली एकच गोष्ट बाईंनी स्वतःपाशी जपली होती, आणि ती लेकीलाही सांगितली नव्हती. गाडीत बाइंडर सारखे पुढे सरकत होते, डावा हात डॅशबोर्डच्या खाली नेत होते. तोल जाऊन खाली घसरतील म्हणून बाईंनी त्यांना आपल्या डाव्या हाताने मागे रेटलं, 'शांत बसा हो' म्हटलं, आणि तो हात आपल्या हातात घट्ट धरून ठेवला. एका हाताने गाडी चालवली. पुलावरून, चौकातून, पार हॉस्पिटलच्या दारापर्यंत तो हात सोडला नाही. बाइंडरांनी दोन-तीनदा सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, मग शांत झाले. उशीर झाला असेल, रस्ता चुकला असेल, पण माणूस हातात हात असताना गेला, एवढं बाईंकडे होतं. रात्री पडल्या पडल्या त्या आपलाच डावा तळवा उजव्या हाताने धरून बघायच्या.

वायरमनने तोवर सेट डॅशबोर्डमधून बाहेर ओढला होता. मागून वायरींचा झुपका लोंबत होता. त्याने टेबलावरून एक सुटी अँटेना आणली, तिची वायर सेटच्या मागे लावली आणि अँटेना गाडीच्या छतावर ठेवली. खरखर थांबली आणि कोणीतरी पुरुष बाजारभाव वाचू लागला. पडद्यावरचा बाण थरथरला, उडी मारून सरळ या शेडवर येऊन बसला.

"घ्या," वायरमन म्हणाला. "सेट ठणठणीत आहे. घोळ अँटेनाच्या वायरीत आहे. ती छतावरून खांबाच्या आतून खाली उतरते आणि डावीकडच्या कप्प्यामागे तिचा जोड असतो. रेडिओची आणि मॅपची, दोन्ही वायरी त्या एकाच जोडात. म्हणून दोन्ही एकदम गेलं."

"म्हणजे गाडीचाच दोष?"

"शंभर टक्के. माझं विचाराल तर उंदीर. उंदराने वायर कुरतडली की असंच होतं, आज चालू, उद्या बंद. मागे एका साहेबांच्या गाडीत उंदराने पिल्लं घातली होती. साहेब रोज त्यांना कामावर घेऊन जात होते आणि संध्याकाळी परत आणत होते. बिनपगारी." बाई हसल्या नाहीत, तेव्हा तो जरा वरमला. "मुद्दा काय काकू, यात तुमचा काडीचा दोष नाही. लेकीला बेलाशक सांगा. अशा वेळी कोणीही रस्ता चुकलं असतं."

बाईंनी मान हलवली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्यांनी वाट पाहिली, नाही वाटलं. पण लेकीला वाटेल, हे बरं झालं. संध्याकाळी लेक आत्याला फोन करेल, तोऱ्यात बोलेल, आत्या फणकारेल, मग दोघी रडतील. त्यांचं त्यांना रडता येतं.

वायरमन डावीकडच्या सीटपुढे उकिडवा बसला आणि कप्प्याचे स्क्रू काढू लागला. कप्पा बाहेर आला. त्याने टॉर्चचा उजेड आत मारला, मान वाकडी केली आणि दोन बोटं आत घालून काहीतरी चाचपलं.

"उंदीर नाही," शेवटी तो म्हणाला. "उंदीर फीत बांधत नाहीत."

"काय?"

"या, बघा जरा."

बाई खुर्चीतून उठून वाकल्या. वायरीचे दोन तुकडे एका पांढऱ्या प्लास्टिकच्या जोडाने एकमेकांत बसायचे, ते सुटलेले होते. जोडाला एक कुलपासारखा चाप असतो, तो दाबल्याशिवाय जोड निघत नाही. इथे तो चाप कोणीतरी कानसीने घासून काढला होता, खूण राहणार नाही इतका गुळगुळीत. आणि जोडाच्या गळ्यात एक बारीक लाल रेशमी फीत दुहेरी गाठीने बांधून खाली सोडली होती. फितीचं टोक तिरकं कापलेलं, आणि दशा सुटू नयेत म्हणून त्याला डिंक लावलेला.

"कोणीतरी मुद्दाम केलंय हे," वायरमन म्हणाला. "आणि हात कसबी आहे. थांबा, दाखवतो." त्याने जोड बसवला, सुटी अँटेना काढून सेटला गाडीचीच वायर लावली आणि डावीकडच्या सीटवर बसला. बाजारभाव सुरू होते. त्याने हात सहज डॅशबोर्डच्या खाली नेला, फीत बोटात धरून ओढली. खरखर. मग आत हात घालून जोड अंगठ्याने दाबला. बाजारभाव. "बसल्या बसल्या. एका हाताचं काम. शेजारच्याला पत्ता लागणार नाही. घरात कोणी खोडकर आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

त्या परत खुर्चीवर जाऊन बसल्या. ती पुस्तकातली खुणेची फीत होती. वहीच्या, पोथीच्या, जाड कोशाच्या पाठीतून लोंबते ती. बाइंडर ती घरभर लावायचे. कपाटाच्या खणाला फीत, पेटीच्या झाकणाला फीत, बाईंच्या चष्म्याच्या घराला फीत. टोक नेहमी तिरकं कापायचं आणि डिंकात बुडवायचं. गाठ दुहेरी.

सेट बसवून दिला त्या दिवशी बाई फार खुशीत होत्या. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "आता तुम्ही मागे झोपलात तरी चालेल. मला रस्ता सांगणारी मिळाली." जावई हसला, लेक हसली, बाइंडरही हसले. मग काही दिवसांनी सेट अधूनमधून बंद पडायला लागला. बाइंडर म्हणायचे, "बघ, तुझी बाई रुसली," आणि सीटवर सरसावून बसत, "चल, डावीकडे घे." बाई एकट्या भाजीला, बँकेत जायच्या तेव्हा मात्र सेट बिनतक्रार चालायचा. जावयाने येऊन पाहिला तेव्हाही चालला. यंत्रांचं असंच असतं, असं बाईंनी मनाशी ठरवून टाकलं. घरी पोचल्यावर बाइंडर हल्ली लगेच उतरत नसत. 'तू हो पुढे, मी माझे कागद आवरून येतो,' म्हणायचे. इतके महिने त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

त्या शेवटच्या दिवशी सकाळी दोघं कागदाच्या बाजारात गेले होते. सेट बंदच होता, रस्ता बाइंडरांनी सांगितला. परत आले तेव्हा बाइंडरांचा चेहरा उतरला होता. कागद आवरायला ते थांबले नाहीत, गाडी थांबल्याबरोबर उतरून आत गेले. जोड तसाच सुटा राहिला.

आणि दुपारी त्यांना बोलता येत नव्हतं. रस्ता ठाऊक होता, सांगता येत नव्हता. बाण थिजला होता, शेजारी बायको चौकाला फेऱ्या घालत होती, आणि हे फक्त त्यांनाच माहीत होतं की हात खाली घालून अंगठ्याने दाबलं की झालं. म्हणून ते पुढे सरकत होते. घसरत नव्हते. बाईंनी तो हात पकडला आणि धरून ठेवला. त्यांनी सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा बाईंनी आणखी घट्ट धरला.

बाईंनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर पालथा पडला होता. त्यांनी तो उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवला, मग तिथूनही उचलला. कुठे ठेवावा ते कळेना.

मग त्यांना राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी आलं, आणि ते हे आलं. असला राग की कानशिलं तापली. अहो, एवढं लागलं होतं तर तोंडाने बोलायचं होतं. हसायचं कशाला? मला मॅप नको, तू मलाच विचारत जा, असं म्हणायला काय जीभ झडली होती? बँकेतून निवृत्त झालेली बाई, तिला नवऱ्याने विचार म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं. सेट उचलून माळ्यावर टाकला असता. त्यात होतं काय? पण नाही. चोरासारखी फीत बांधली, तिला डिंक लावला, टोक तिरकं कापलं. मूर्ख माणूस. त्या पहिल्यांदाच त्यांना मनातल्या मनात अहो-जाहो सोडून बोलत होत्या. मूर्ख, हट्टी, गोड माणूस. तुझी फीत मला दिसली नाही रे. मी तुझा हात धरून ठेवला.

"काकू, पाणी देऊ?" वायरमनने विचारलं.

"नको." आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. "भाऊ, ती फीत काढून टाका. आणि जोड नवीन बसवा, चाप असलेला."

"फीत तुम्हाला हवी असेल तर..."

"नको."

वायरमनने चिमट्याने गाठ तोडली. फीत त्याने वायरींच्या कातरणांच्या डब्यात टाकली. लाल वायरींच्या तुकड्यांत ती लगेच दिसेनाशी झाली. बाई बघत होत्या. मग त्याने मान खाली घालून नवा जोड बसवायला घेतला. त्याला बरंचसं कळलं असावं, कारण उंदरांबद्दल तो पुन्हा एक शब्द बोलला नाही.

लेकीचा फोन आला तेव्हा सेट डॅशबोर्डमध्ये परत बसला होता आणि वायरमन कप्प्याचे स्क्रू आवळत होता.

"आई, दाखवलास का सेट? काय म्हणाले?"

बाईंच्या जिभेवर सगळं तयार होतं. एक वाक्य पुरे होतं. ते वाक्य संध्याकाळपर्यंत आत्याकडे गेलं असतं, आत्याकडून चुलत भावंडांकडे, तिथून बाइंडिंगच्या गिऱ्हाइकांकडे. बाइंडर मॅपवर रुसले आणि आपल्याच हाताने आपला रस्ता बंद करून बसले. लोक आधी हळहळले असते. मग कोणीतरी पहिल्यांदा हसलं असतं, आणि मग सगळेच. कुठे रस्ता चुकला की त्यांची आठवण काढली असती. या माणसाला एकाच गोष्टीचा अभिमान होता.

"सेट चांगला आहे," बाई म्हणाल्या.

"आता दुरुस्त झाला. पण बिघडला कधी होता?"

"बिघडला नव्हता. काहीच बिघाड निघाला नाही."

फोनमध्ये लेकीच्या ऑफिसातला गलका ऐकू येत होता. कोणीतरी तिला हाक मारली, तिने ओ दिली नाही.

"असं कसं, आई? तूच सांगितलंस, बाण हलत नव्हता, रेडिओ खरखरत होता."

"मी घाबरले होते. भलतंच काहीतरी दाबलं असेल."

"असेल म्हणजे? नीट आठव."

"आठवलं. माझ्याच हाताने झालं."

वायरमनचा स्क्रू ड्रायव्हर थांबला. त्याने बाईंकडे पाहिलं, तोंड उघडलं. बाईंनी त्याच्याकडे पाहून नुसती मान हलवली. त्याने तोंड मिटलं आणि पुन्हा स्क्रू आवळायला लागला. तो आधीच घट्ट झाला होता.

"आई, मी तुझ्यासाठी सगळ्यांशी भांडले," लेक म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. "आत्याला मी नको नको ते बोलले. तिचे फोन उचलले नाहीत. बाबांना जाऊन इतके दिवस झाले, मी एकदाही तिच्या गळ्यात पडून रडले नाही. तुला हे तेव्हा सांगता आलं नाही?"

"नाही सांगितलं."

"मग मी आता काय करू?"

"आत्याला फोन कर."

"आणि काय सांगू तिला?"

बाईंचा डावा हात अजूनही हवेतच होता. तो त्यांनी पोटाशी घेतला.

"सांग, ती म्हणत होती तेच खरं आहे," त्या म्हणाल्या. "बाबांना रस्ता माहीत होता. आईने ऐकलं नाही."